गुरनामजींची पेटी

माझ्या पोटात एक गोष्ट राहिली आहे. हसताय? हसा. चंदिगडच्या मराठी मंडळात ज्याने मला एकदा जरी ऐकलंय तो हसणारच — ह्या बोलघेवड्याच्या पोटात गोष्ट राहील कशी? माझ्या वरच्या षड्जाने सभागृहाच्या ट्यूबलाइटी फुटल्या, हे तुम्ही ऐकलंय. माझी तान ऐकून सुखना तलावावरचे परदेशी पक्षी रागाने मायदेशी परतले, हेही ऐकलंय. (आमचा प्रयोग भाद्रपदात, पक्षी येतात थंडीत. पण कॅलेंडर काढून बघेल तो रसिक कसला?) ते सगळं मी दर गणपतीत सांगत आलो. ही एकच गोष्ट नाही सांगितली. घरात बायकोलासुद्धा नाही.

मी युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकवायचो आणि वर्षातून एकदा, गणेशोत्सवात, संगीत नाटकाचा गाणारा नायक व्हायचो. लोक अंबाल्याहून यायचे माझ्यासाठी. बदलीची ऑर्डर आली की फौजेतल्या बायका नवऱ्याला म्हणायच्या, एवढा गणपती होऊ दे. आणि वन्समोर? मेलेला नायक उठून पद म्हणायचा आणि पुन्हा मरायचा — दोनदा, तीनदा. हे अगदी खरं. बरं, दोनदा.

पण गाणाऱ्याच्या पाठीशी पेटी लागते. आमच्या पेटीवर होते गुरनामसिंग. मोहालीत त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. गुरुद्वारात कीर्तनाला पेटी वाजवून हात तयार झालेला. मराठी एक अक्षर येत नव्हतं, पण आमची पदं त्यांनी अशी उचलली की मी ओळ विसरलो तर ते पुढचा सूर दाबून ती आठवून द्यायचे. मला ‘गवैयाजी’ म्हणायचे. पुढे पुढे मराठीही कळायला लागलं — पदांतलं राजवाडी आणि आमच्या तालमीतलं बाजारी, दोन्ही.

ती दहशतवादाची वर्षं. संध्याकाळ झाली की रस्ते ओस पडायचे, म्हणून आम्ही प्रयोग दुपारी दोनला लावायचो. नायक चहाच्या आत मरायचा. मोहालीच्या हद्दीवर नाका. गुरनामजी स्कूटरवर मागे पेटी बांधून यायचे आणि दर तालमीला जवान ती सोडायला लावायचे. ‘बाजा है? बजाके दिखाओ.’ मग हा पगडीवाला माणूस रस्त्याकडेला उकिडवा बसून, बंदुकीसमोर, आमची नांदी वाजवायचा. आठ वर्षं. त्या नाक्यावरच्या पोलिसांना गणपतीच्या आधी नांदी पाठ व्हायची, असं मी सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. गुरनामजीही हसायचे.

आता येऊ का मुद्द्याकडे? येतो. यावंच लागेल.

त्या वर्षी पहिल्या रांगेत एक पाहुणे होते. पुण्यातल्या नाटक कंपनीचे मालक, एअर फोर्सातल्या जावयाकडे आलेले. मला कुणीतरी हळूच सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. चाळिशी उलटलेला केमिस्ट्रीचा मास्तर — काय वाटलं असेल मला? तिसऱ्या अंकाआधी मी विंगेत गुरनामजींना गाठलं. माझं शेवटचं पद काळी दोनमध्ये असायचं. ती माझ्या गळ्याची पट्टी. मी म्हणालो, ‘आज सफ़ेद चार.’ म्हणजे दोन सूर वर. ते म्हणाले, ‘गवैयाजी, फँस जाओगे.’ मी म्हणालो, ‘तुम बस बजाओ.’

त्यांनी वाजवलं. आणि वरच्या सुरावर माझा आवाज फाटला. कसा? धोतर फाटावं तसा. सभागृहभर ऐकू गेला. मागे कुणीतरी हसलं. पाहुणे पानाचा डबा उघडून त्यात बघत बसले.

रंगपटात सगळे जमले. सेक्रेटरी लिमयांनी विचारलं, ‘अहो, झालं काय?’ आणि मी — किती सहज निघालं तोंडातून! — म्हणालो, ‘सरदारजींनी पट्टी चढवली. मला न विचारता.’

एवढंच. एकच वाक्य. इतर कुठल्याही काळात ते हवेत विरलं असतं. त्या काळात, एका सरदारजींबद्दल, नाही. लिमये हळू आवाजात म्हणाले, ‘त्यांचं चित्त हल्ली ठिकाणावर कसं असणार? पुढच्या वेळी आपल्यातलाच कुणी बसवू.’ आपल्यातलाच! आठ वर्षं नाक्यावर आमची नांदी वाजवणारा माणूस दारात उभा होता, पेटीचा पट्टा आवळत. त्याला सगळं कळलं होतं — बाजारी मराठीच होतं ते. त्याने लिमयांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. थांबला. मला बोलायला वेळ दिला, चांगला भरपूर वेळ दिला.

मी आरशाकडे वळलो आणि मिशी काढायला लागलो.

ते गेले. पुन्हा आले नाहीत. कुणी बोलावलंही नाही.

हे इथे संपलं असतं तर भेकडपणा म्हणून सोडून देता आलं असतं. पण मी माझा स्वभाव कुठे ठेवू? पुढच्या वर्षी कुणीतरी विषय काढला आणि मी त्याचा किस्सा केला. पट्टी दोन सुरांनी चढली होती, ती माझ्या तोंडी पाच सुरांनी चढली. मग सरदारजी पेंगायला लागले. मग पगडी डोळ्यांवर घसरली. मी नक्कल करून दाखवायचो. कोजागिरीला फर्माईश व्हायची. तुमच्यापैकी कितीजण हसलात त्यावर! तुम्हाला काय ठाऊक? ठाऊक मला होतं.

आता मंडळ माझा सत्कार करतंय. परवा तरुण सेक्रेटरीबाईंचा फोन आला, ‘काका, तो सरदारजींचा किस्सा पक्का हं!’ फोन ठेवला आणि मोहालीला गेलो. नाका केव्हाच उठला आहे. रिक्षा जिथून सरळ निघून गेली, तिथे मी मात्र मान खाली घातली.

गुरनामजी ऐंशीच्या पुढचे. दाढी पांढरीशुभ्र, बोटं तशीच. मी सगळं सांगितलं, नकलेसकट. ते म्हणाले, ‘पट्टी वाली बात तो पता थी जी, उँगली मेरी थी.’ मग त्यांनी स्वतःच्या पगडीला हात लावला. ‘पगड़ी वाली नहीं पता थी.’

उठून जायला सांगतील, असं वाटलं. त्यांनी कोपऱ्यातली पेटी ओढली.

‘कौन-सी पट्टी?’

‘काली दो,’ मी म्हणालो.

त्यांनी भुवई उचलली.

‘काली एक,’ मी खाली उतरलो.

भुवई खाली येईना.

‘सफ़ेद एक,’ मी म्हणालो. ‘सच में.’

त्यांनी सूर दिला. मी तेच पद म्हटलं, आणि वरच्या सुरावर आवाज फाटला, तिथेच, तसाच. आतल्या खोलीतून त्यांच्या सुनेने डोकावून विचारलं, ‘की होया?’ लिमयांचाच प्रश्न, पंजाबीत.

‘मेरा गला था,’ मी म्हणालो. ‘बाजा ठीक था.’