मार्थाबाईंची नाताळची गोळी

परवा नातीने गॅसवर साखर करपवली आणि त्या वासाने मला लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. दुष्काळ होता, टँकर आला की घागरी घेऊन पळायचं. त्याच सुमारास मार्थाबाई नावाच्या नर्स बदली होऊन आमच्या शेजारी राहायला आल्या. एकट्याच होत्या. माझ्या सासूबाई कडक लिंगायत, मार्थाबाईंच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत.

नाताळच्या सकाळी मार्थाबाई घरी केलेली बिस्किटं आणि खरपूस साखरेच्या चिकट गोळ्या घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"अंडं नाही घातलं, काकू."

सासूबाईंचा हात काही पुढे होईना. मार्थाबाईंचा चेहरा उतरलेला बघून सासऱ्यांनी पटकन एक गोळी तोंडात टाकली.

"कशी हाय?" सासूबाईंनी दरडावून विचारलं.

सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एवढी आवडली?" मार्थाबाई हरखल्या.

सासऱ्यांनी बोटाने जबडा दाखवला, तेव्हा कळलं की नवी कवळी गोळीत रुतून बसलीय. आमच्या घागरी कोरड्या होत्या. मार्थाबाई धावत घरी गेल्या आणि तांब्याभर कोमट पाणी घेऊन आल्या. सासूबाईंनी तांब्या हिसकावूनच घेतला.

"सोवळ्याचं मागून बघू, आधी ह्यांचं तोंड उघडू दे!"

मी पदर तोंडात कोंबून हसत होते. त्या दिवसांत तांब्याभर पाणी म्हणजे काय, ते आता आठवतं.

शेवटी कवळी सुटली. सासऱ्यांनी चूळ भरली, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "लई झ्याक. अजून एक द्या."