काळी चारमधली स्पॅनिश बाई

नाशिकचं घर सोडलं तेव्हा दारात आई होती, शेजारच्या काकू होत्या, टॅक्सीवाला कपाळाला आठ्या घालून उभा होता. बाबा मात्र आतल्या खोलीत ग्रामोफोनला चावी देत होते. आईने हातावर दही ठेवलं. मी आत डोकावून "बाबा, निघाले" म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण ती मला होती की गाण्याला, हे मला आजही सांगता येणार नाही. निघताना "येते" म्हणायचं असतं हे मला चांगलं माहीत होतं. मी गेटमधून ठणकावून "जाते" म्हटलं, आत ऐकू जावं म्हणून. आतून फक्त त्या बाईचा आवाज आला, तोही नेहमीसारखा घाईघाईचा.

ती बाई म्हणजे स्पेनची एक ऑपेरा गायिका, मेझो-सोप्रानो. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी तिने तिची पहिली रेकॉर्डिंग्ज केली होती. काही ऑपेरातली गाणी, काही तिच्या मुलुखातली साधी, छोटी गाणी. बाबा मिशनच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. तिथला स्पॅनिश पाद्री कायमचा मायदेशी परत निघाला तेव्हा त्याने चावीचा ग्रामोफोन आणि तिच्या तबकड्यांचं खोकं बाबांना देऊन टाकलं. पाद्री सुटला, आम्ही अडकलो. रोज संध्याकाळी पाच-सहा तबकड्या, आणि शेवटी हटकून एक छोटं गाणं. ते लावायच्या आधी बाबा पेटीवर एक सूर धरायचे, ग्रामोफोनचा वेगाचा काटा इकडेतिकडे करायचे, गाणं त्या सुराला येऊन भिडलं की मग खुर्चीत टेकायचे. आम्ही हाका मारल्या तरी त्यांना ऐकू यायच्या नाहीत.

"तुमची ती बाई आटपली की जेवायला या," आई स्वयंपाकघरातून म्हणायची. काकूंशी बोलताना ती सरळ "माझी सवत" म्हणायची. काकू हसायच्या, आई हसायची नाही. मीही त्या बाईचा मनापासून राग केला. माझ्या दहावीच्या निकालाच्या संध्याकाळीसुद्धा आधी ती गायली, मग बाबांनी पेढा घेतला.

इथे जर्मनीत, न्युरेम्बर्गमध्ये, माणसं जमली की आठवणींचा एकच पूर येतो. मंडळाच्या गणपतीत प्रत्येकाच्या डोळ्यांत आईबाबा, अंगण आणि तुळस. मी मोदकांचा डबा धरून गप्प उभी राहते. माझ्या घरी अंगण होतं, तुळसही होती. आईबाबा एकमेकांशी कामापुरतं बोलायचे. मी इंजिनीअर झाले, टर्बाइनच्या कंपनीत नोकरी धरली, आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी, मीट्सफरट्राग म्हणजे भाडेकरार, सगळी सोपस्कारांची लढाई लढले, आणि खरं सांगते, त्या शांत भाड्याच्या फ्लॅटमध्ये पहिल्या संध्याकाळी कुणीच गात नव्हतं म्हणून मला फार बरं वाटलं होतं.

गेल्या वर्षी आई माझ्याकडे आली. नातीला बघायला, असं सगळ्यांना सांगून आली. व्हिसा संपत आल्यावर मी परतीचं बोलायला लागले तर म्हणाली, "मुंबईला उतरेन आणि तिथून पुण्याला तुझ्या दादाकडे जाईन. नाशिकला जाणार नाही."

"किती दिवस?"

"कायमची. दादाशी बोलणं झालंय माझं. त्या बाईच्या घरात मी परत पाय ठेवणार नाही."

मी हसले. तिने माझ्याकडे असं बघितलं की हसू तोंडातच राहिलं. साठी कधीच ओलांडलेली माझी आई घर सोडत होती, आणि बाबांना त्याची गंधवार्ता नव्हती. घर सोडणं ही या घरात माझी मिरासदारी होती. तिनेही सोडलं तर मी ज्या घराला पाठ फिरवून आले होते ते उरणारच नव्हतं. मग मी रागवायचं तरी कुणावर?

त्याच आठवड्यात आम्ही फ्लोमार्क्टला गेलो. जुन्या बाजारात आईचा जीव रमतो, जर्मन येत नसलं तरी घासाघीस येते. एका म्हाताऱ्याच्या टेबलावर सीडींची रास होती. आईने तिथून एक सीडी दोन बोटांत उचलली, जशी मेलेली पाल उचलावी.

"हीच ती," आई म्हणाली.

कव्हरवर कानात लोंबती कुंडलं घातलेली, गोल चेहऱ्याची बाई होती. आमच्या खोक्यातही तिचा हाच फोटो होता. तिची सुरुवातीची रेकॉर्डिंग्ज, नव्याने साफ केलेली. म्हातारा कौतुकाने काहीतरी सांगायला लागला. "या, या, गेनाऊ," असं हो-हो करत मी त्याला तोडलं आणि सीडी घेतली. का घेतली? भांडायला कुणीतरी समोर हवं होतं म्हणून.

घरी माझ्या नवऱ्याने, निखिलने, जुना प्लेअर शोधून जोडला. आई ओट्याशी पोळ्या लाटत होती. आम्ही ते शेवटचं छोटं गाणं लावलं आणि तिचं लाटणं थांबलं.

"ही ती नाही."

गाणं तेच होतं. पण बाई सावकाश गात होती. आवाज खालचा, भरदार, गुळासारखा दाट. आमच्याकडे ती चिवचिवायची, इथे ती एका जागी पाय रोवून उभी होती.

"ही काळी तीनमधून गातेय," आई म्हणाली. "आपल्याकडची काळी चारमधून गायची."

पेटीच्या पट्ट्या अशा नुसत्या कानाने ओळखणारी आई मी पहिल्यांदा बघत होते. सीडीबरोबरच्या पुस्तिकेत खुलासा होता. त्या काळच्या तबकड्यांचा योग्य वेग शोधावा लागतो. वेग वाढला की आवाज वर चढतो, गाणं पळायला लागतं. त्यांनी गाण्याची मूळ पट्टी तपासून वेग नीट लावला होता. म्हणजे बाबांनी जन्मभर तिला चुकीच्या वेगाने पळवलं होतं.

मला आनंद झाला. दुष्ट आनंद. ज्या गाण्यापायी ते आम्हाला विसरले ते गाणंसुद्धा त्यांना धड लावता आलं नव्हतं. मी तिथूनच फोन लावला. आईच्या हातांना पीठ लागलेलं, म्हणून स्पीकरवर.

"बाबा, तुमची ती बाई तुम्ही आयुष्यभर चुकीची लावलीत. ती काळी तीनमध्ये गाते."

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले. "पाद्रीबाबांनी दाखवलं होतं काटा कुठे ठेवायचा ते."

"मग?"

"तुझी आई काळी चारमध्ये गायची. बघायला गेलो होतो तेव्हा पेटी मीच धरली होती. लग्नानंतर आमच्या आईने तिचं गाणं बंद केलं. आई गेल्यावर मला वाटलं, तिच्या पट्टीतला सूर रोज कानावर पडला तर कधीतरी आपणहून म्हणेल."

"अहो, मग तिला तसं सांगायचं ना!"

"गाणं काय मागून घ्यायचं असतं?"

आईने पिठाच्या बोटाने फोन बंद केला. गॅसवरची पोळी करपली होती, ती तिने उचलून सरळ कचऱ्यात टाकली. आमच्या घरात पोळी कधी टाकलेली मी पाहिली नव्हती.

"मला वाटायचं टोमणा मारतायत," ती म्हणाली. "माझ्याच पट्टीत आणून बसवायचे तिला. जणू मला म्हणतायत, तू गायचं सोडलंस, बघ आता कोण गातंय. रोज संध्याकाळी. मी कणीक मळताना दात आवळून ऐकायची."

मला दोघांनाही गदागदा हलवावंसं वाटलं. एकाच घरात, मध्ये एक भिंत. एकजण रोज बोलावत होता, दुसरीला रोज चपराक बसत होती. आणि त्यांच्या मधल्या सोप्यावर बसून आम्ही भावंडं अभ्यास करत होतो. आमची सगळी वर्षं या दोघांच्या मानीपणाने खाल्ली. यालाच का आपण घरचे संस्कार म्हणायचं?

रविवारी दुपारी आईने मला तीच सीडी लावायला सांगितली. माझी मुलगी सई जमिनीवर चित्र काढत होती. आई मांडी घालून बसली आणि त्या बाईच्या बरोबरीने, शब्द येत नव्हते म्हणून आकारात, गायला लागली. आवाज थरथरत होता, दमही पुरत नव्हता, पण सूर पक्का होता. वयाने तिचा आवाज उतरलाय. काळी चार आता तिला झेपत नाही. काळी तीनमध्ये मात्र ती आरामात बसत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडले. माझी आई गाते हे मला चाळिशीत कळलं, तेही न्युरेम्बर्गमध्ये.

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी हीटिंगच्या पाइपवर ठोकायला सुरुवात केली. रविवारी रूहेत्साइट, आवाज करायचा नाही. आईने पाइपकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला आणि आवाज वाढवला. गाणं संपल्यावर सई म्हणाली, "ओमा, नोखमाल!" आईला ते मी सांगायच्या आत कळलं आणि ती पुन्हा गायली. मग पदराने तोंड पुसून मला म्हणाली, "ह्यांना यातलं अवाक्षर सांगायचं नाही."

ठरल्याप्रमाणे ती मुंबईला उतरली आणि दादाबरोबर पुण्याला गेली. आता तिथेच आहे. दादा सांगतो, सकाळी अंघोळ झाली की खोलीचं दार लावून घेते आणि आतून आवाज येतो. नाशिकला बाबा एकटे, आणि काकू सांगतात, संध्याकाळी ती बाई अजून तशीच घाईत गाते.

मला इथे लोक विचारतात, यंदा घरी जाणार का? कुठल्या घरी? नाशिकला गाणं आहे पण ते जिच्यासाठी होतं ती नाही. पुण्याला आई आहे, पण दार लावून. माझ्या इथल्या घरात ती एका दुपारी गायली, म्हणून मी अलीकडे यालाच घर म्हणते. पण इथे ती राहणार नाही, हेही मला कळतं.

तेव्हा बाबा, हे तुम्हाला. आईने सांगू नको म्हटलं होतं, मी सांगितलं. या घरात न सांगण्याने जेवढं वाटोळं व्हायचं तेवढं झालंय. ती तबकडी खोक्यात ठेवा. तिच्यातून निरोप पोचत नाही. पेटी घ्या, पुण्याच्या बसमध्ये बसा, आणि त्या बंद दारासमोर उभे राहून तोंडाने म्हणा, "गातेस का?" ती नाही म्हणेल. ती नक्की नाही म्हणेल. पुन्हा विचारा.