शिवणबाईंचा वाकडा टाका

शिवणबाईंच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात पितळेचा अंगुस्तान असायचा आणि तो त्या कधी काढत नसत. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती एवढीशी टोपी, पण बाई ती घालून चहा प्यायच्या, प्रार्थनेला उभ्या राहायच्या, बाजारात वांगी निवडायच्या. वर्गात कुणी चुकलं की मागून येऊन त्याच टोपीनं डोक्यात टक् करून वाजवायच्या. फारसं लागायचं नाही, पण आवाज असा यायचा की सगळा वर्ग वळून बघायचा. आमच्या उमरग्याच्या हायस्कुलात त्या काळी शिकलेल्या कुठल्याही बाईला आज शिवणबाईंची आठवण करून द्या. ती आधी डोक्यावरून हात फिरवील आणि मग हसेल.

त्या आळंदकडच्या. मराठी बोलताना मधेच कानडी यायची. आम्हा सगळ्या पोरींना त्या 'तंगी' म्हणत, म्हणजे धाकटी बहीण. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती आणि नुकतीच राज्यांची नवी वाटणी झाली होती. बाईंचं माहेर तिकडं म्हैसूर राज्यात गेलं आणि नोकरी इकडं राहिली. कुणी विचारलं, बाई तुम्ही कुठल्या, तर म्हणायच्या, "मी हाय तिथंच हाय. शीव हालली, मी न्हाय हालले." नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. शाळेमागच्या एका खोलीत राहायच्या आणि आपल्याबद्दल याहून जास्त कुणाला काही विचारू द्यायच्या नाहीत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आधी माप घे, मग बोल." पोरीनं कापडाला कात्री लावायची घाई केली तरी हेच आणि हेडमास्तरांनी बैठकीत तावातावानं काही सांगितलं तरी हेच. शिपाई एकदा धावत येऊन म्हणाला, "बाई, विहिरीत म्हैस पडली!" त्यालाही बाईंनी तेच सुनावलं. म्हैस पडली नव्हती, नुसती काठावर उभी होती. तेव्हापासून शिपाई त्यांच्यासमोर जपून बोलायचा.

आठवीत गेलं की आमच्या शाळेत दोन वाटा फुटायच्या. एकीकडं बीजगणित आणि भूमिती, दुसरीकडं सोपं अंकगणित आणि जोडीला शिवण. एकदा जी वाट धरली ती अकरावीपर्यंत बदलायची नाही. ज्यानं बीजगणित सोडलं त्याला पुढं कॉलेजात शास्त्राचं दार बंद. हे सगळं मला फार पुढं कळलं, कारण तेव्हा मुलींना विचारायची पद्धतच नव्हती. जून उजाडला की हेडमास्तर आठवीच्या वर्गात यायचे आणि म्हणायचे, "मुलींनी शिवणबाईंच्या वर्गात जाऊन बसावं." मुली उठायच्या, दप्तरं उचलायच्या आणि जायच्या.

मी तर आनंदानं गेले. खोटं कशाला सांगू, मला शिवणच हवी होती. बाईंच्या वर्गात पायाचं मशीन होतं, सगळ्या शाळेत तेवढं एकच. मधल्या सुट्टीत आम्ही खिडकीतून ते बघत उभ्या राहायचो. माझी आई हातशिलाईत पटाईत होती. गल्लीतल्या बायका तिच्याकडून झंपर शिवून न्यायच्या. मशीन मात्र तिला कधी मिळालं नव्हतं. मी ते शिकून येणार आणि आईला शिकवणार, असं आमचं दोघींचं ठरलेलं होतं.

बाईंची एक रीत होती. पहिल्या आठवड्यात त्या कापडाला कात्री लावू द्यायच्या नाहीत. प्रत्येकीला जुन्या वर्तमानपत्राचा एक तुकडा द्यायच्या आणि सांगायच्या, यातून एका लहान पोरीच्या झंपराचा पुढा, पाठ आणि दोन्ही बाह्या काढा. कागद मुद्दामच तोकडा असायचा. पुढा आणि पाठ निघाली की एका बाहीपुरतीच जागा उरायची. बहुतेक पोरी उठून आणखी कागद मागायच्या, बाई मुकाट्यानं द्यायच्या. मी मागितला नाही. भिऊनच मागितला नाही म्हणा. कागद उलटापालटा करत बसले आणि एक बाही सुलटी, दुसरी तिच्या पोटाशी उलटी, अशी बसवून पाहिली. बसली.

मागून टक् झालं. "हे कुणी दाखिवलं तुला?"

"कुणीच न्हाई, बाई."

बाई कागदाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी माझी हातशिलाईची पट्टी मागितली. आदल्या दिवशी सगळ्यांना घरून एक काठ दुमडून, शिवून आणायला सांगितलं होतं. ती उजेडाला धरली, उलटी केली, सुलटी केली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हा टाका हाय का गाडीची चाकोरी? तुला शिवण जमायची न्हाय तंगी. दप्तर उचल, पल्याड गणिताच्या वर्गात जाऊन बस."

त्या दिवशी मी घरी गेले ती हुंदके देतच. आईला वाटलं, कुणी मारलं. गणितात घातलं हे कळल्यावर तर तिला मारापेक्षा मोठं वाटलं. वडील तहसील कचेरीत कारकून होते, सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. ते नुसतं म्हणाले, "हिसाब शिकंल, बिघडलं काय?" पण घरातल्या असल्या गोष्टींत वडलांना विचारतं कोण. दुसऱ्या दिवशी आई डोक्यावर पदर घेऊन, मी शिवलेला उशीचा अभ्रा पिशवीत घालून शाळेत निघाली. त्या काळी एखादी आई शाळेची पायरी चढली तर वर्गावर्गांतून माना बाहेर यायच्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"बाई, ह्यो बघा हिनं शिवलेला अभ्रा," आई म्हणाली. "पोर शिवती. तुमी परत घ्या तिला."

बाईंनी अभ्रा उलटा केला. बोटातली टोपी शिवणीवरून सावकाश फिरवली. "अक्का, तुमी सवता शिवता न्हवं? तुमच्या डोळ्याला दिसत न्हाय का? हिच्या हाताला वळणच न्हाय."

"मग वळण लावा की. त्यासाठीच शाळा हाय."

"लावलं असतं. पर आडातच न्हाय," बाई मधेच थांबल्या आणि आवाज बदलून म्हणाल्या, "बघा अक्का, मी ठेवून घेते. पर वर्साच्या शेवटाला नापास करीन. मग पोर घरी बसल. तिकडं गणितात निदान चार पोरांसंगं ढकलून तरी जाईल."

"उद्या बघायला आलेली मानसं शिवण येती का म्हनून इचारतेत बाई. अलजब्रा येतो का म्हनून कोन इचारतंय?"

"इचारतील," बाई म्हणाल्या. "दिवस बदलत्यात."

नापास हा शब्द आईला लागला. तिनं अभ्रा घेतला, त्यावरून एकदा हात फिरवला, माझ्याकडं बघितलं आणि घरी निघून गेली. मशीनचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

गावात मात्र निघाला. दरवर्षी बाईंच्या वर्गातून अशा तीनचार पोरी गणितात जायच्या, आणि गणितातल्या पोरी म्हणजे हातात कला नसलेल्या पोरी असं सगळ्या उमरग्यानं मनात धरून ठेवलं होतं. हळदीकुंकवाला बायका आईजवळ हळूच म्हणायच्या, "थोरलीला गणितात टाकलं म्हणं?" जणू मला कसला रोगच झालाय. आई म्हणायची, "असंल तिच्या नशिबात." मग घरी येऊन माझ्यावर चिडायची.

गणिताच्या वर्गात आम्ही तीन पोरी दाराजवळच्या बाकावर अंग चोरून बसायचो. मास्तरांचं शिक्षणही उर्दूतूनच झालेलं, त्यामुळं भरात आले की 'गुणिले' म्हणायचं तिथं 'जरब' म्हणायचे आणि स्वतःच दचकायचे. भिंतीपलीकडून मशीनचा आवाज यायचा. सुरुवातीला तो ऐकला की माझा जीव तळमळायचा. पुढं पुढं एखादं प्रमेय सुटायला लागलं की तो आवाज कानावर यायचा थांबायचा. कधी थांबला ते मला सांगता येणार नाही.

बाईंनी मला वर्गाबाहेर काढलं, पण डोक्यातून काढलं नव्हतं. व्हरांड्यात गाठ पडली की अडवायच्या. "काय शिकिवलं आज? सांग, ऐकू दे." मी भूमितीतलं काही सांगायला लागले की त्या खांबाला टेकून उभ्या राहायच्या, डोळे बारीक करून. मी चुकले की टक्. भूमिती त्यांना येत नव्हती, पण मी कुठं भरकटले हे त्यांना माझ्या तोंडावरून कळायचं. एकदा मी धीर करून म्हटलं, "बाई, आता मशीन शिकवा की, सुट्टीत." तर म्हणाल्या, "वाकड्या टाक्याला मशीन देत न्हाय मी." मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्या वाटेला गेले नाही.

मी अकरावीत होते तेव्हाची गोष्ट. आमचा वर्ग हेडमास्तरांच्या खोलीला लागून होता आणि हेडमास्तरांचा आवाज मुळातच मोठा. संस्थेची मंडळी आली होती. आम्हांला सगळं ऐकू येत होतं.

"बाई, दरवर्षी तुमच्या वर्गातून मुली परत येतात. कुणाला टाका जमत नाही, कुणाला काठ जमत नाही. मुलींना शिवण जमत नाही, असं कधी असतं का? मग दोष कुणाचा? शिकवणाऱ्याचाच ना?"

आता बाई म्हणणार, आधी माप घ्या, मग बोला. आम्ही पोरी कान देऊन बसलो होतो.

"व्हय सर," बाई म्हणाल्या. "जमत न्हाय मला शिकवायला."

वर्ष संपताच बाईंची नोकरी गेली. जूनपासून नवी बाई येणार होती, सोलापूरची, शिवणकामाचा मोठा कोर्स केलेली. बाई आळंदला भावाकडं निघाल्या. मी त्यांचं गाठोडं घेऊन स्टँडवर गेले. उन्हाचा तडाखा होता, हैदराबादकडचे ट्रक धूळ उडवत जात होते. माझी परीक्षा चांगली झाली होती, औरंगाबादला शास्त्राच्या कॉलेजात जायचं माझ्या मनात होतं. ते मी बाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग माझ्याच्यानं राहवलं नाही.

"बाई, माझा टाका खरंच इतका वाकडा होता?"

बाई हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. "अगं येडे, तुझ्यासारखा सरळ टाका त्या वर्गात कुणाचा न्हवता. त्या बाह्या बसिवल्यास त्याच दिवशी मी ठरिवलं, ही पोरगी हितं ठेवायची न्हाय."

"मग मला घालवलं कशाला?"

"शिवण काय, आई शिकिवती, सासू शिकिवती, न्हाय तर नवऱ्याचा फाटका सदरा शिकिवतो. अलजब्रा घरात कोण शिकिवणार? हुशार हाय म्हणून धाडते म्हणलं असतं तर तुझ्या आईनं धाडली असती का? कुणाचीच आई धाडती का?"

"सरांना तरी सांगायचं होतं, बाई. नोकरी गेली नसती."

"संध्याकाळपत्तोर गावभर झालं असतं. सगळ्यांच्या आया आल्या असत्या पोरी माघारी न्यायला. मागल्या आठवीतल्या, नववीतल्या, मधनंच उठल्या असत्या." बस आली. बाईंनी गाठोडं घेतलं आणि पायरीवर पाय ठेवून वळल्या. "तुझी धाकटी औंदा आठवीला हाय न्हवं? बघितलंय मी तिला, चुणचुणीत हाय. नवी बाई वर्ग भरायला बघणार. मी नसणार." मग अंगुस्तानाची एक टक् माझ्या डोक्यात. "आधी माप घे, मग बोल."

त्यांची माझी पुन्हा भेट झाली नाही. पुढं मी जन्मभर गणित शिकवलं, आणि फळ्यावर खडू वाजवताना तो टक् असा आवाज आला की अजूनही मला मागं वळून बघावंसं वाटतं. मला त्या बाईंची फार आठवण येते. आभार मानायचे राहून गेले, हे सरळच सांगते.

त्या संध्याकाळी स्टँडवरून घरी आले तेव्हा आई दारात तांदूळ निवडत बसली होती. धाकटी शकू तिच्याजवळ बसून रुमालाचा काठ शिवत होती, नव्या शिवणवर्गाची तयारी म्हणून. मी रुमाल तिच्या हातातून घेतला. टाके मोजून ठेवल्यासारखे सारखे होते. मी तो उजेडाला धरला, उलटा केला, बोट फिरवलं.

"आई," मी म्हटलं, "हिचाबी टाका वाकडा हाय गं."

आईनं सूप बाजूला ठेवलं. पदराला हात पुसले आणि रुमाल घेतला. गल्लीभरच्या बायकांचे झंपर शिवणारी माझी आई त्या काठाकडं बराच वेळ बघत होती. मग तिनं माझ्याकडं बघितलं, तेही बराच वेळ.

"व्हय गं," ती म्हणाली. "वाकडाच हाय."

शकूनं भोकाड पसरलं. आईनं तिला जवळ ओढली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "असू दे. रडू नको. गणितात घालू तुला."