वाली सभ्य

कुठल्याही संस्थेचं मिनिटबुक उघडून बघा, त्यात वाचण्यासारखं काही सापडायचं नाही. वाचण्यासारखं जे घडतं, ते लिहायचं नाही असं आधीच ठरलेलं असतं! आमचे अध्यक्ष दादासाहेब निवृत्त हेडमास्तर होते. मीटिंगमध्ये जरा काही गंमत झाली की ते चष्मा काढत आणि म्हणत, "शुभाताई, हे मिनिट्समध्ये नको." मिनिट्स मी लिहायची. त्यामुळे 'नको' म्हटलेलं सगळं माझ्याकडेच साठत गेलं.

संस्था लहानशी होती. अपंग मुलांना वेगळं न ठेवता नेहमीच्या शाळेत, नेहमीच्या वर्गात बसवायचं, एवढंच काम. बडोद्यात तेव्हा टीव्हीवरची चॅनेलं वाढत होती, कारेलीबागेत ट्यूशन क्लासच्या पाट्या वाढत होत्या, पण शाळांच्या पायऱ्या जिथल्या तिथे होत्या. बोर्डावर मुख्य आम्ही तिघं: दादासाहेब, लहरीपुऱ्यात हार्डवेअरचं दुकान असलेले किरीटभाई आणि मी. आम्ही मराठीत बोलायचो, किरीटभाई गुजरातीत. कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते किरीटभाई मराठी बोलायला गेले तेव्हा. पहिल्याच भेटीत ते मला म्हणाले, "मी इथला सगळ्यात जुना सभ्य आहे."

गुजरातीत सभ्य म्हणजे मेंबर. दादासाहेब शांतपणे म्हणाले, "मेंबर आहात एवढंच सांगा. सभ्य आहात की नाही, ते आम्ही ठरवू."

* * *

ट्रस्टची घटनाही गुजरातीत होती. तिच्यात माझं पद लिहिलं होतं 'वाली सभ्य'. वाली म्हणजे पालक. आपल्या मराठीत हा शब्द आता फक्त 'त्याला कोणी वाली नाही' एवढ्यापुरता उरलाय. बडोद्याच्या शाळांत मात्र रोजचा. माझा मिहिर तेव्हा सात वर्षांचा होता, चालू शकत नव्हता. अशा मुलाच्या आईला किंवा वडलांना बोर्डावर एक जागा, असा नियम होता, म्हणून मी तिथे.

दादासाहेबांनी घटना वाचली आणि विचारलं, "वाली एकच? मग बाकीचे आम्ही बेवारस का?"

* * *

सुरुवातीला मीटिंग किरीटभाईंच्या दुकानावरच्या गोडाउनमध्ये व्हायची. लाकडी जिना, उभाच्या उभा, धरायला दोर. दोन वर्षं आम्ही त्या दोराला धरून वर गेलो आणि 'शाळांमधील अडथळे' या विषयावर चर्चा करून खाली आलो.

एकदा करजणहून एक गृहस्थ भाषणाला बोलावले. शिक्षक होते, व्हीलचेअरवर. ते वेळेवर आले. आम्ही वर वाट बघतोय, ते खाली. शेवटी भर बाजारातून आवाज आला, "दादासाहेब, मी आलोय! तुम्ही खाली येता, की मी भाषण इथूनच सुरू करू?"

आम्ही दोर धरून खाली पोचेपर्यंत त्यांनी सुरू केलंही होतं. पन्नासेक गिऱ्हाइकं जमली होती. आमच्या संस्थेच्या कुठल्याही कार्यक्रमाला त्यापूर्वी एवढी गर्दी झाली नव्हती!

पुढच्याच महिन्यात आम्ही कारेलीबागेत तळमजल्यावर एक खोली घेतली.

* * *

तिथून जवळच्या शाळेत मी मिहिरच्या ॲडमिशनसाठी तीन वर्षं खेटे घातले. तिथले प्रिन्सिपल सज्जन माणूस. मोठ्या अभिमानाने म्हणाले, "अमारे त्यां एवां छोकरां ज नथी." आमच्याकडे तसली मुलंच नाहीत!

माझ्याबरोबर आलेले दादासाहेब म्हणाले, "कशी असतील? दारात पाच पायऱ्या आहेत तुमच्या."

प्रिन्सिपल बाहेर आले. पायऱ्या मोजल्या. खरंच पाच होत्या. वीस वर्षं त्यांवरून जाऊन त्यांनी त्या मोजल्या नव्हत्या. त्यांनी त्याच दिवशी रॅम्पला परवानगी दिली.

रॅम्पचं काम किरीटभाईंनी अंगावर घेतलं. मिहिरची चाकांची खुर्ची नेऊन रुंदीचं माप घेतलं. आणि मग प्रेमापोटी, दुकानातल्या सगळ्यात महागड्या, आरशासारख्या गुळगुळीत टाइल्स त्यावर बसवल्या! उद्घाटनाला प्रिन्सिपलनी पहिलं पाऊल टाकलं आणि ते बसल्या स्थितीत, हातातल्या नारळासकट, सावकाश गेटपर्यंत गेले.

सगळे गार पडले. किरीटभाई मात्र खूश. "जोयुं? ढाळ बराबर छे!" बघितलंत, उतार बरोबर आहे!

"हे मिनिट्समध्ये नको," दादासाहेब म्हणाले.

टाइल्स काढून खरबरीत सिमेंट घालण्यात दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत मिहिर न्यूमोनियाने गेला.

* * *

त्या रॅम्पवरून पहिली वर गेली ती किंजल. हेमाबेनची मुलगी, आठ वर्षांची. हेमाबेन आमच्या मीटिंगला निमंत्रित म्हणून यायच्या. काइनेटिकवरून उतरायच्या, डोक्याचा रुमाल सोडायच्या आणि खुर्चीत बसण्याआधीच तक्रार सुरू. किंजल होमवर्क करत नाही. किंजलने तिसरी कंपासपेटी हरवली. किंजलला शाळेचा डबा आवडत नाही, भेंडी परत आणते.

सगळे हसायचे. मी मिनिटबुकात मान घालून बसायची. मला त्या भेंडीचाही हेवा वाटत असे.

किंजलची खुर्ची जुनी होती, करकरायची. एका मीटिंगमध्ये किरीटभाईंनी मला हळूच विचारलं, मिहिरची खुर्ची किंजलला चालेल का? मी म्हटलं, "तिचं एक चाक बिघडलंय." चाकाला काहीही झालेलं नव्हतं.

"लावो ने, पाच मिनिटनुं काम," ते म्हणाले.

"पार्ट मिळत नाहीये," मी म्हटलं.

लहरीपुऱ्यातलं सगळ्यात मोठं हार्डवेअरचं दुकान त्यांचं. बडोद्यात इतर कुठे न मिळणारा नटबोल्ट त्यांच्याकडे मिळायचा. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि गंभीरपणे मान हलवली. "हा. ए पार्ट तो क्यांय नथी मळतो." कुठेच मिळत नाही.

* * *

एकदा हेमाबेन पेढ्यांचा बॉक्स घेऊन आल्या. आम्हाला वाटलं, पहिला नंबर वगैरे.

"किंजल कॉपी करतां पकडाई!" त्यांनी जाहीर केलं.

दादासाहेबांचा पेढा हातातच राहिला. हेमाबेननी पर्समधून शाळेची चिठ्ठी काढली आणि सगळ्यांना दाखवली. तिच्यात एकच ओळ होती: 'वालीए मळी जवुं.' पालकांनी येऊन भेटावं. आजवर किंजलबद्दल शाळेतून फक्त 'बिचारी' एवढंच ऐकायला मिळालं होतं. आता इतर पोरांसारखी चिठ्ठी आली होती!

"मग तुम्ही काय केलंत?" दादासाहेबांनी विचारलं.

"खूब वढी," हेमाबेन म्हणाल्या. खूप रागावले. "पछी पेंडा लीधा."

चिठ्ठी फिरत फिरत माझ्याकडे आली. साधा वहीचा कागद, लाल शाईत. खाली 'वालीनी सही' आणि पुढे मोकळी जागा. मी ती पुढे द्यायला जरा वेळ लावला असावा, कारण हेमाबेननी हात पुढे केला. "शुभाबेन, चिठ्ठी."

* * *

आता विषय क्रमांक चार.

नियमाप्रमाणे वाली सभ्याला शाळेच्या वयाचं मूल असायला हवं. मला आता नव्हतं. ती जागा आता हेमाबेनची, हे सगळ्यांना कळत होतं, मला सगळ्यांत आधी कळलं होतं. अजेंडावर चौथा विषय म्हणून 'सभ्य बदल' यायचा. तीन नंबरपर्यंत यायला तासभर लागायचा, मग दादासाहेब घड्याळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "चार पुढच्या वेळी घेऊ." मी लिहायची: 'विषय क्र. ४ – वेळेअभावी पुढे ढकलला.'

असा तो सात वेळा ढकलला. सातव्या वेळी मीटिंग वीस मिनिटं आधी संपली. नंतर आम्ही तिघं बसून उरलेल्या वेळात काय बोलावं ते शोधत होतो!

मी स्वतःहून सोडायला हवी होती ती जागा. दर वेळी राजीनामा लिहून न्यायची आणि दर वेळी परत आणायची. हेमाबेनकडे सगळं होतं. हे एवढं एक पद माझ्याकडे होतं.

* * *

पुढच्या मीटिंगच्या चार दिवस आधी मी शाळेजवळून जात होते. मधली सुट्टी होती. रॅम्पच्या टोकाशी किंजल, आणि गेटमधून आत बघणारी मी.

"शुभामासी!" तिने दप्तरातून चिठ्ठी काढली. 'वालीए मळी जवुं.' बाईंनी रॅम्पवर धंदा पकडला होता: किंजल आपल्या मांडीवर एकेका पोराला बसवून खुर्ची वरून सोडून द्यायची. एका फेरीला चार बोरं! दोन कुंड्या फुटल्या होत्या.

"मासी, सही करी आपो ने. मम्मी मारशे."

"मी कशी करणार गं?"

"तमे तो वाली छो." तिने भिंतीकडे बोट केलं. रॅम्पशेजारी संस्थेची पाटी होती, नावं आणि पदांसकट. "बोर्ड पर लखेलुं छे."

मी सही केली. आणि सही केलीच आहे तर आतही गेले.

प्रिन्सिपल नवे होते, मला ओळखत नव्हते. "किंजलनां वाली?"

"हो," मी म्हटलं.

पंधरा मिनिटं त्यांनी मला फैलावर घेतलं. घरे ध्यान नथी आपतां? मुलगी फार लाडावलीय. कुंड्या कोण भरून देणार? मी मान खाली घालून "हो सर, लक्ष देते सर," म्हणत होते. त्यांनी थांबू नये असं वाटत होतं. शेवटी त्यांनाच दया आली असावी, त्यांनी चहा मागवला.

चार दिवसांनी मीटिंग. मी राजीनामा पर्समध्ये ठेवला होता, या वेळी खराच देण्यासाठी. हेमाबेन आल्या त्या रुमाल न सोडताच माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "शाळामां तमे गयां हतां?"

दादासाहेबांनी चष्मा काढला. किरीटभाई छताकडे बघू लागले.

"हो," मी म्हटलं.

"शुं कह्युं साहेबे?"

"घरी लक्ष देत नाही, म्हणाले. लाडावलीय म्हणाले. मग चहा दिला."

"चा पिवडावी?" हेमाबेनचा आवाज चढला. "तमने चा? सात वार गई छुं हुं, मने तो कोई दिवस चा नथी पिवडावी!"

त्या बसल्या. रुमाल सोडला, त्याची घडी केली. मी पर्स उघडली. त्यांनी समोरचा अजेंडा ओढून घेतला, त्यावरून बोट खाली खाली नेलं आणि दादासाहेबांना म्हणाल्या, "चार नंबर माटे आजे टाइम नथी."

दादासाहेबांनी चष्मा घातला. "शुभाताई, हे मिनिट्समध्ये घ्या."

मी लिहिलं: 'विषय क्र. ४ – वेळेअभावी पुढे ढकलला.'

विषय क्रमांक एक अजून सुरू व्हायचा होता. चहासुद्धा आला नव्हता.