मुलींना घरी कोणी आणलं

मी चौथीपर्यंत शिकलो. बास्केटबॉल शिकलो फौजेत, बंगालातल्या बराकपूरला. पुढे खिदिरपूरच्या गोदीत नोकरी लागली आणि तिथल्या कामगारांच्या मुलींची टीम माझ्या गळ्यात पडली. तीस वर्षं शिकवलं. पण टीम सांभाळायची म्हणजे काय, हे एकाच दुपारी कळलं.

सत्तर-एकाहत्तरचे, नक्षलवाद्यांच्या धामधुमीचे दिवस. कुठंही गावठी बाँब फुटायचे, मागोमाग पोलिसांच्या गाड्या. आईबाप मुलींना मॅचला पाठवायचे ते माझ्या भरवशावर नाही, माझी बायको सोबत असायची म्हणून. मुली तिला बौदी म्हणायच्या, म्हणजे वहिनी.

त्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बागबाजारला मॅच होती. हरलो. नऊ मुलींना घेऊन बाहेर पडलो आणि पहिला धमाका झाला. ट्राम जागच्या जागी थांबली, दुकानं धडाधड बंद. मी शिट्टी फुंकून ओरडलो, "डावीकडची गल्ली! पळा!"

डावीकडची का? मलाही माहीत नव्हतं. काहीतरी हुकूम सोडायचा म्हणून सोडला.

कॅप्टन सतरा वर्षांची. ती हललीच नाही. "ओदिके ना, दादा! तिकडं नको! ती पुढं बंद आहे. माझ्या मामाचं घर इथंच आहे, मला ठाऊक आहे."

"मी सांगतो ते कर!"

बाकीच्या एकदा माझ्याकडं बघत, एकदा तिच्याकडं. एक रडायला लागली. बायको जवळ आली आणि मुलींना कळू नये म्हणून मराठीत म्हणाली, "तुम्हाला रस्ता ठाऊक नाही. गप्प बसा आणि त्या पोरीच्या मागनं चला."

दुसरा बाँब जवळच फुटला. मी शिट्टी खिशात टाकली.

कॅप्टननं दोघीदोघींना हात धरायला लावले. "पळायचं नाही. पळणाऱ्यावर पोलिसांची नजर जाते." ती पुढं, मी सगळ्यांत मागं, चेंडूंची जाळी पोटाशी धरून. मामाच्या घरी दोन तास जमिनीवर बसलो. प्रत्येक आवाजाला मी मुली मोजायचो. आठच भरायच्या. मग दिसायचं, नववी, कॅप्टन, दाराशी उभी आहे.

संध्याकाळी बस मिळाली. एकेकीला घरी सोडलं. शेवटी कॅप्टनचं घर. तिच्या वडिलांनी हात जोडले. "दादा, तुम्ही होतात म्हणून!"

मी छाती काढून उभा. बायको मोडक्या बंगालीत म्हणाली, "हे नाही. यांना तर घाम फुटला होता. तुमच्या मुलीनं आणलं सगळ्यांना."

दोन दिवस मी बायकोशी बोललो नाही. ती ताट वाढून भिंतीला विचारायची, "कोचसाहेब जेवणार आहेत का?"

तिसऱ्या दिवशी मैदानावर मुलींना सांगून टाकलं, घाबरलो होतो, चुकलो. तेव्हापासून टाइमआउटला आधी कॅप्टनला विचारायचो, मग तोंड उघडायचो.

बायको जाऊन आठ महिने झाले. चुकलो तर तोंडावर सांगणारं आता घरात कोणी नाही. त्या बाँबची वाटली नसेल इतकी मला याची भीती वाटते.