चौकटीवरची रेघ

आमच्या मधल्या घराच्या, म्हणजे माजघराच्या, चौकटीवर पेन्सिलीची एक आडवी रेघ आहे. मुलगा दहावीत असताना मी ती ओढली. पोलादी टेप जमिनीला टेकवून बरोबर एकशे अडुसष्ट सेंटिमीटरवर खूण केली, सुताराचा गुण्या काटकोनात लावून रेघ सरळ केली, आणि पुसू नये म्हणून वरून खिळ्याने कोरली. सैन्यात जनरल ड्यूटीला, म्हणजे लढणाऱ्या शिपायाच्या पदाला, आमच्याकडच्या पोरांना तेवढी उंची लागते. त्याला म्हटलं, इथपर्यंत वाढ, मग सैन्याचं बोलू.

मी शेलूबाजारला धान्याच्या बाजारात मापाडी आहे. सव्वीस वर्षांपासून दुसऱ्यांचं सोयाबीन, तूर, हरभरा मोजतो. माझ्या काट्यावरून भांडण झालं नाही, असं सांगायला मला संकोच वाटत नाही. त्यामुळे गावातली भरतीची तयारी करणारी पोरंही आमच्या चौकटीला येऊन उभी राहायची. दोघंजण रेघेच्या बरेच खाली राहिले, त्यांनी नाद सोडला. आमचा मात्र बारावीनंतर रेघेला लागला आणि पुढच्या वर्षी किंचित वर गेला. हिने त्या दिवशी गोडाचा शिरा केला होता.

अर्ज भरायच्या दिवशी आम्ही दोघं शेलूबाजारच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. त्या वर्षी एकाच पदासाठी अर्ज करता येत होता, आणि वयाच्या अटीत बसायचं त्याचं ते शेवटचं वर्ष होतं. माझ्या डोक्यात लिपिकाचं पद होतं. बारावीला त्याला चौसष्ट टक्के होते, तिथे साठ लागतात. उंची एकशे बासष्ट चालते. म्हणजे सगळीकडे हातात काही शिल्लक राहत होतं. जनरल ड्यूटीत उंचीला शिल्लक काहीच नव्हती.

"लिपिकाचं भर," मी म्हणालो.

"बाबा, दोन वर्ष पळलो ते काय टायपिंग करासाठी?"

"पगार तोच हाय."

"पगारासाठी कोण चाललं? मले पलटणीत जाचं हाय. सामान मोजत बसाचं असतं तर तुमच्याच काट्यावर बसलो असतो."

कॉम्प्युटरवाला हसला. "काका, पोट्ट्यानं तुमालेच हाणलं."

"आन् उंचीचं?" मी विचारलं.

"उंचीचं काय? रेघ तुमची, टेप तुमचा. तुमचं माप कधी चुकलं हाय काय?"

माप चुकल्याचं मला आठवत नव्हतं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. मी मान हलवली आणि कॉम्प्युटरवाल्याने जनरल ड्यूटीवर बोट दाबलं. अर्ज गेला. गेलेल्या अर्जात पद बदलता येत नाही, हे त्याने दोनदा सांगितलं होतं.

मग तयारी जोरात सुरू झाली. गावापासून फाट्यापर्यंतचा रस्ता पहाटे रिकामा असतो. मी मोटारसायकलने आणि नंतर टेपने सोळाशे मीटर मोजून दोन्ही टोकांना चुन्याचे पट्टे मारले. पोरं पळायची, मी घड्याळ धरायचो. साडेपाच मिनिटांच्या आत आलं की पूर्ण गुण मिळतात. आमचा सुरुवातीला सहा मिनिटं घ्यायचा. थंडी सरेपर्यंत सव्वापाचवर आला. कडुलिंबाच्या फांदीला लोखंडी नळी बांधून पुलअप्स चालायचे. हिच्या चुलीवर अंडं शिजत नाही, म्हणून मी गोठ्यात तीन विटा मांडून अंडी उकडायचो. म्हैस माझ्याकडे बघत राहायची. हरभरे ही रात्री भिजत घालायची. अंड्यांचं तिला माहीत होतं, पण ती विचारत नव्हती.

लेखी परीक्षेत तो पास झाला. मैदानी चाचणीचं प्रवेशपत्र आलं. महिनाभर हातात होता.

त्या आठवड्यात मधल्या घराचं दार खाली घासायला लागलं. हे नवीन नव्हतं. वर्षा-दोन वर्षांनी ते घासतंच. मी रंधा घेऊन खालची कड तासतो आणि परत बसवतो. आतापर्यंत तीनदा तासलं असेल. त्या दिवशीही दार उतरवून आडवं टाकलं आणि रंधा फिरवायला लागलो. लाकडाचा भुसा पडत होता. हात चालू असताना एकदम मनात आलं, की लाकूड काही खाली वाढत नाही. मग दार घासतं कशाने?

आमच्या मधल्या घरात अजून मातीची जमीन आहे. ही दर आठवड्याला शेणाने सारवते, दिवाळीला पांढऱ्या मातीचा जाड हात देते. एका वर्षी उंदरांनी कोपरे पोखरले तेव्हा आम्ही मुरूम टाकून जमीन चोपून घेतली होती. एकेक थर कागदाएवढा, कोणाच्या लक्षात येणार? पण चौकट जिथे होती तिथेच होती. तिच्यावरची रेघही तिथेच होती. पायाखालची जमीन तेवढी वर आली होती.

मी टेप काढला. जमिनीला टेकवून रेघेपर्यंत नेला. एकशे सहासष्ट आणि वर तीन रेषा. पुन्हा मोजलं. टेप बदलून पुन्हा मोजलं. मुलगा रेघेच्या वर जेमतेम पाऊण सेंटिमीटर जात होता. म्हणजे एकशे सदुसष्ट आणि थोडं. पाऊण-एक सेंटिमीटर कमी पडत होतं.

हिने मला तसं उकिडवं बसलेलं पाहिलं. "काय झालं वो? दार नाई बसत काय?"

मी सांगितलं. तिला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती जमिनीकडे पाहायला लागली.

"म्हंजे म्या सारवली म्हणून?"

"तुया काय दोष? घर सारवतेतच."

"सण आला की दोन हात जास्तच देत होती व माय मी," ती म्हणाली, आणि तिथेच ओल्या हाताने बसून राहिली.

मुलाला मी संध्याकाळी सांगितलं. लपवून उपयोग नव्हता; मोजणारे तिथे होतेच. त्याने वाद घातला नाही. सपाट फरशी असलेल्या समोरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि म्हणाला, "मोजा." मी मोजलं. एकशे सहासष्ट सहा. संध्याकाळ होती म्हणून ते आणखी कमी आलं होतं.

माणूस सकाळी लांब असतो आणि संध्याकाळी आखूड होतो, हे मला या वयात कळलं. सोयाबीनचं पाहत आलो आहे; सकाळचं ओलं वजन वेगळं, दुपारचं वाळलेलं वेगळं. माणसाचंही तसंच असेल हे सुचलं नव्हतं. सकाळी उठल्या उठल्या त्याचं माप घेतलं तेव्हा एकशे सदुसष्ट सात आलं. आता तीनच मिलिमीटर. गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढं. पण ते मी कुठून आणणार? धान्य कमी पडलं तर मूठभर टाकून काटा बरोबर करता येतो. इथे टाकायला माझ्याजवळ काही नव्हतं.

त्याने पळणं कमी केलं, कारण पळून माणूस दबतो असं कोणीतरी सांगितलं. फांदीला लटकणं वाढवलं. त्याचे मित्र जमायचे.

"अबे, पायाले खाली दगड बांध."

"दगड कायले? मी पकडतो पाय, तू वर धर. दोघं मिळून ओढू."

"हात लांब होतीन बे त्याचे, उंची नाई. मंग वानरसेनेत भरती!"

तोही हसायचा, लटकल्या लटकल्या हसता येईल तेवढं. मी ओट्यावर बसून पाहायचो. वाशीमला एका डॉक्टरकडेही नेलं. त्यांनी हाताचा एक्स-रे पाहिला आणि हाडांची वाढ पूर्ण झाली म्हणाले. त्यांचा आवाज चांगला होता, पण पुन्हा विचारलं तरी वाक्य तेच राहिलं. पद बदलता येतं का ते कॉम्प्युटरवाल्याला जाऊन विचारलं. त्याने अर्ज उघडून दाखवला. सगळं दिसत होतं, बदलायला काहीच नव्हतं. लिपिकाचा रकाना त्याने मला उगाच दाखवला असं वाटलं.

रोज सकाळी माप. कधी सदुसष्ट सहा, कधी सात. एकदा सदुसष्ट आठ आलं, तेव्हा हिने देवाला दिवा लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा. मी टेप किंचित सैल धरला असता तर घराचा एक दिवस सुखाचा गेला असता, पण हात तसा धरत नाही.

चाचणी दुसऱ्या जिल्ह्यात होती. बसने बसून गेलं तर पाठीचा कणा दबेल, म्हणून गावातल्या एकाची पिकअप गाडी ठरवली. मागे सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे भुशाची, पोती अंथरली, वर गादी टाकली आणि मुलाला आडवं केलं. अनसिंगहून हिचा भाऊ ब्रेड आणि केळी घेऊन आला होता; त्याने गाडीत डोकावून पिशवी गादीच्या कडेला ठेवली.

ड्रायव्हरने मागे पाहिलं. "काका, पोट्टं नेऊन राह्यले का गनपती?"

"हळू ने," मी म्हणालो. "खड्डा चुकव."

"खड्डा चुकवाचा असन तर रस्ता सोडून वावरातून न्या लागन."

मुलगा आडवा पडल्या पडल्या म्हणाला, "दादा, गनपती असतो तर उंचीचं टेन्शनच नसतं. पोट पाहूनच घेतलं असतं."

मी त्याच्या डोक्याजवळ बसलो होतो. प्रत्येक आदळ्याला माझा हात आपोआप त्याच्या मानेखाली जायचा.

मध्यरात्री पोचेपर्यंत तो झोपून होता. पण मैदानाबाहेर रांग होती आणि रांगेत उभं राहावं लागतं. झोपून रांग लागत नाही. पोरं शेकड्यांनी होती. बूट गळ्यात, प्रवेशपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत. पालकांना दोरीच्या अलीकडे थांबवलं. मी तिथून त्याची निळी बनियन पाहत होतो. उजाडेपर्यंत तो उभाच होता. मधेच तो हात वर करून अंग ताणायचा. त्याच्या मागेपुढेही दोघं-तिघं तसंच ताणत होते. त्या पोरांच्या घरीही कुठेतरी एक रेघ असणार.

पळायला गेलेली पोरं बाहेर यायला वेळ लागतो. तुकडी-तुकडीने सोडतात, मग पुलअप्स, मग खड्ड्यावरून उडी, मग कागदं. म्हणून तो फाटकातून लगेच बाहेर येताना दिसला तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. बनियनकडे पाहिलं. ती कोरडी होती.

"पळू देलंच नाई," तो म्हणाला. "फाटकातच उंचीची पट्टी हाय."

माझ्या तोंडून निघालं, "पट्टी सरळ होती? केस दाबून पाहिलं?"

"हो."

"टाचा?"

"टेकल्या होत्या. मी म्हणलो साहेब, अजून एक डाव. त्यानं अजून एक डाव मोजलं. चांगला होता बिचारा. बाबा, त्याचं माप बरोबर हाय."

परतीच्या वाटेवर तो पुढे ड्रायव्हरजवळ बसून आला. मागची गादी मी गुंडाळून ठेवली. ड्रायव्हरने काही थट्टा केली नाही. घरी मी वाटेतूनच फोनवर कळवलं.

आता त्याला एकवीस पूर्ण झाली, भरतीचं वय गेलं. वाशीमला एका दुकानात सामान पोचवायचं काम करतो, सकाळी आठला जातो. चुन्याचे पट्टे गावातल्या दुसऱ्या पोरांना कामी येतात. पळायला येतात ती त्याला हाक मारतात, आणि तो कधीतरी घड्याळ धरतो.

दिवाळी आली तेव्हा हिने पांढरी माती भिजवून ठेवली आणि दोन दिवस बादली तशीच राहिली. ती चौकटीपर्यंत जायची आणि परत यायची. शेवटी मुलगाच कामावरून आला, बादली पाहिली आणि म्हणाला, "सारव न माय. कायले थांबली? आता आपल्या घरात कोनाले मोजाचं हाय?"

तिने सारवलं. हात जाड दिला की पातळ, ते मी पाहिलं नाही.

दार पुन्हा घासतं. अर्धं उघडतं, पुढे अडतं. आम्ही तिघंही अंग तिरकं करून आत जातो. रंधा माळ्यावर आहे, मी काढलेला नाही.