भोंगा हवालदार आणि कुलपं उघडणारी मुलगी

पाठलाग करता करता पडलेल्या पोलिसाला चोरानेच उचलून बसवलं, असा प्रकार आपल्याशिवाय कुणाच्या नशिबी आला नसेल, असं हवालदार स्वतःच सांगत. झालं असं, की भर बाजारात ते एका पाकीटमाराच्या मागे धावले आणि विसाव्या पावलाला गुडघ्याने राजीनामा दिला. हवालदार रिकाम्या खोक्यांच्या ढिगात आडवे. पाकीटमार थांबला, मागे आला, त्यांना बखोटीला धरून एका पायरीवर टेकवलं आणि म्हणाला, "काका, या वयात पळू नका." मग तो निघून गेला. खिशातली शिट्टीही गेली, हे हवालदारांना घरी गेल्यावर कळलं.

त्यांना सगळे 'भोंगा' म्हणत. ठाण्याच्या दारातून त्यांनी हाक मारली की चौकापलीकडच्या न्हाव्याचा वस्तरा थांबे. तीस वर्षांच्या नोकरीत या आवाजावर त्यांनी बरंच निभावून नेलं होतं. बुद्धी लागेल तिथे आवाज वापरायचा, असा त्यांचा साधा हिशेब. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि धावण्याचं काम तर आता गेलंच होतं.

ठाण्याच्या प्रमुख मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. खात्याने एक नवी योजना सुरू केली होती. जी पोरं अजून गुन्ह्यात अडकलेली नाहीत पण अडकायच्या बेतात आहेत, अशा एकेकाला एकेक पोलीस जोडून द्यायचा. त्याने दर शनिवारी तासभर त्या मुलाला भेटायचं, सहा महिने. कोठडी नाही, खटला नाही, फक्त सोबत. हवालदारांनी विचारलं, "म्हणजे मी करायचं काय?" मॅडम म्हणाल्या, "ऐकायचं." हवालदारांना वाटलं, आपल्यावर काही राग आहे.

दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. सल्ला देऊ नका, मधे तोंड घालू नका, मूल गप्प बसलं तर तुम्हीही गप्प बसा, असं एक तरुण बाई शिकवत होत्या. त्या गप्प बसण्याबद्दल बोलत असताना हवालदारांनी चार वेळा मधे तोंड घातलं.

त्यांच्या वाट्याला आली पंधरा वर्षांची एक मुलगी. किडकिडीत, दोन वेण्या, नजर कायम जमिनीवर. हिच्या हातात मात्र अशी कला होती, की सायकलचं कुलूप ती केसांतल्या पिनेने पाण्याचा पेला उचलावा तसं उघडे. वस्तीतल्या तीन मोठ्या पोरांनी हे हेरलं होतं. ती कुलूप उघडायची, पोरं सायकल पळवायची. एका दुकानदाराने पाहिलं आणि पोलिसांत कळवलं. मुलीने स्वतः काही नेलं नव्हतं म्हणून मॅडमनी गुन्हा नोंदवला नाही. तिच्या आईची परवानगी घेऊन तिचं नाव योजनेत घातलं.

पहिल्या शनिवारी ठाण्यामागच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडून हवालदार बसले आणि त्यांनी तासभर भाषण केलं. आयुष्य, आईचे कष्ट, वाईट संगत, मध्येच स्वतःचं बालपण. मुलगी भिंतीवरच्या पालीकडे बघत होती. दुसऱ्या शनिवारीही भाषण तेच, पाल तेवढी वेगळी. तिसऱ्या शनिवारी बोलण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा हवालदारांनी घाम पुसला आणि कपाटातून पाण्याची बाटली काढायला गेले. कपाटाची किल्ली सापडेना. त्यांनी खिसे उलटे केले, टेबलाखाली वाकले, गुडघा धरून परत उठले. मुलगी उठली, वेणीतली पिन काढली आणि कपाट उघडून पुन्हा जागेवर बसली. पोलीस ठाण्यातलं सरकारी कपाट, हवालदाराच्या डोळ्यांदेखत. ती पहिल्यांदाच बोलली. "याच्यात दम नाही. बदलून घ्या."

हवालदारांनी घरी बायकोला हे सांगितलं. ती हसून हसून खाली बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "अहो, जे तिला येतं तेच नीट शिकवणारा कुणी बघा की. तुमच्या भाषणाने आजवर आपला मुलगा सुधारला नाही."

नीट शिकवणारा शहराच्या त्या भागात एकच होता. बाजाराच्या टोकाला, जिन्याखालच्या बोळकांडीएवढ्या दुकानात बसणारा किल्लीवाला. आणि अडचण नेमकी तिथेच होती. गेली पंधरा वर्षं कुठेही घरफोडी झाली की हवालदार पहिल्यांदा या किल्लीवाल्याला उचलून ठाण्यात आणत. कुलूप उघडता येतं तो चोर, हे त्यांचं शास्त्र. अकरा वेळा आणलं आणि अकराही वेळा माणूस निर्दोष. संध्याकाळपर्यंत बाकावर बसवायचं, मग "जा" म्हणायचं. अशा माणसाकडे आता पदर पसरायला जायचं होतं.

किल्लीवाल्याने त्यांना लांबूनच पाहिलं, हातातलं काम खाली ठेवलं आणि दुकानाची फळी लावायला घेतली. हवालदार दिसले की ठाण्यात जायची त्याला सवय झाली होती. "आज कुठे फुटलं?" त्याने विचारलं.

"कुठे नाही," हवालदार म्हणाले. "मी कामासाठी आलोय. तुमच्याकडे." तुमच्याकडे म्हणताना त्यांची जीभ अडखळली. पंधरा वर्षं ते या माणसाला अरे-तुरे करत आले होते. वयाने तो त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

त्यांनी मुलीचं सांगितलं. मागच्याबद्दल काहीतरी बोलायला म्हणून तोंडही उघडलं, पण वाक्य "ते आपलं, पूर्वी जे काही" इथवर आलं आणि बसलं. किल्लीवाल्याने ते पुरं होण्याची वाट पाहिली, मग सोडून दिली. मुलीला शिकवायला तो तयार झाला. अट एकच, हवालदारांनीही शनिवारी येऊन बसायचं, गणवेश न घालता, आणि काम करायचं. "पोलीस नुसता बसून राहिला तर माझं गिऱ्हाईक पळेल," तो म्हणाला.

अशा रीतीने हवालदार वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी उमेदवारीला लागले. कोरी किल्ली शिकंज्यात धरायची, शेजारी मूळ किल्ली, आणि बघून बघून कानस मारायची. मुलीची पहिली किल्ली कुलपात लोण्यासारखी फिरली. हवालदारांची पहिली किल्ली कुलपात गेली ती बाहेरच येईना. दुसरी आत जाईना. किल्लीवाल्याने त्यांच्या बिघडलेल्या किल्ल्या एका डब्यात साठवायला सुरुवात केली आणि गिऱ्हाईक कंटाळलं की तो डबा दाखवू लागला.

पण एक गोष्ट झाली. कानस मारताना बोललं की हात घसरतो. त्यामुळे हवालदार नाइलाजाने गप्प बसू लागले. आणि ते गप्प बसल्यावर, हळूहळू, मुलगी बोलू लागली. कुणाकडे न बघता, कानशीच्या आवाजात मिसळून. आई दोन ठिकाणी कामाला जायची. धाकटा भाऊ बाहेर पळेल म्हणून घराला बाहेरून कुलूप लावून जायची. ही शाळेतून यायची तेव्हा भाऊ आतून दार बडवत रडत असायचा आणि किल्ली आईबरोबर. "मग पिनेने बघितलं," ती म्हणाली. "पहिल्या वेळी खूप वेळ लागला. तो दाराच्या फटीतून माझं बोट धरून बसला होता." हवालदारांना यावर सांगण्यासारखं पुष्कळ सुचलं. किल्ली अर्ध्यात होती म्हणून वाचले.

इथवर सगळं बरं चाललं होतं. पण सुंभ जळतो, पीळ काही जळत नाही.

चौथ्या महिन्यात एका सोमवारी तक्रार आली, की मुलीच्या शाळेतल्या एका शिक्षिकेची कुलूप लावलेली स्कूटर शाळेच्या फाटकातून शनिवारी दुपारी चोरीला गेली. हवालदारांनी 'शाळा' आणि 'कुलूप' एवढे दोनच शब्द वाचले, टोपी घातली आणि निघाले. वर्ग चालू होता. त्यांनी दारातूनच, आपल्या त्या प्रसिद्ध आवाजात, चाळीस मुलांसमोर तिला उभं केलं आणि विचारलं, "शनिवारी दुपारी कुठे होतीस?"

मुलीने त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"तुमच्या शेजारी," ती म्हणाली.

वर्गात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं हवालदार पुढे सांगत. शनिवारी दुपारी दोघं एकाच बाकड्यावर बसले होते आणि तिने त्यांची सातवी किल्ली दुरुस्त करून दिली होती. स्कूटर शिक्षिकेच्या भावानेच न सांगता नेली होती, हे दुपारपर्यंत कळलंही. पण आता त्याचा काय उपयोग. योजनेत आहे हे मुलीने शाळेत कुणालाच सांगितलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी ती दुकानात आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. किल्लीवाल्याने तिची कानस पुसून बाजूला ठेवली. मग स्वतःच्या हातातल्या कुलपाकडे बघत म्हणाला, "तिची शोभा एकदाच झाली. माझी अकरा वेळा." हवालदारांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या दिवशी ते वाक्य, जे पूर्वी अर्ध्यात बसलं होतं, त्यांनी उठवून पुरं केलं. नीट जमलं नाही, पण पुरं केलं. किल्लीवाल्याने मान हलवली आणि चहा सांगितला.

बायकोला सगळं कळलं. ती एवढंच म्हणाली, "ज्या वर्गात आवाज चढवलात, त्याच वर्गात जाऊन उतरवा."

दरोडेखोराच्या घरात शिरताना हवालदार कधी थबकले नव्हते, निदान ते तसं सांगत. त्या वर्गाच्या दारात मात्र थबकले. शिक्षिकेची परवानगी घेऊन ते फळ्यासमोर उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली, ती कुठे ठेवावी ते कळेना. घसा खाकरला आणि म्हणाले, की त्या दिवशी मी या मुलीला चोरासारखं विचारलं, तिने काही केलेलं नव्हतं, चूक माझी होती.

मागच्या बाकावरून एक आवाज आला, "ऐकू येत नाही. जरा मोठ्याने बोला."

तीस वर्षांत भोंगा हवालदाराला हे कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं, यावेळी शेवटच्या बाकापर्यंत. मुलगी खाली बघत होती. तिच्या शेजारच्या मुलीने तिला कोपर मारलं. हवालदार निघाले, आणि बाहेर आल्यावर टोपी फळ्याखालीच राहिल्याचं लक्षात आलं. परत आत जायची हिंमत नव्हती. ते तसेच बोडक्या डोक्याने ठाण्यात गेले.

शनिवारी ती टोपी घेऊन दुकानात आली. टोपी खिळ्याला टांगली, बाकड्यावर बसली, हवालदारांच्या हातातली कानस काढून घेतली आणि म्हणाली, "काका, तुम्ही उलटी धरताय. सुरुवातीपासून." किल्लीवाला म्हणाला, मला माहीत होतं, पण बघायला मजा येत होती.

पोरगी त्यानंतर सरळ रेषेत गेली असं नाही. त्या तीन पोरांपैकी एकाने पुन्हा बोलावलं तेव्हा तिने त्याच्या नाकावर ठोसा मारला, आणि ते प्रकरण मिटवायला हवालदारांना दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत त्यांनी तिला एकही सल्ला दिला नाही, पण मनात खूश होते. शाळा संपवून ती तंत्रशाळेत गेली. किल्लीवाल्याच्या ओळखीने एका तिजोऱ्यांच्या कारखान्यात चिकटली. तिथे नवी कुलपं विकायला जाण्याआधी ती उघडून बघायचा तिला पगार मिळतो. पहिल्या महिन्यात तिने कारखान्याची एवढी कुलपं नापास केली की मालकाने डोक्याला हात लावला.

मुलीचे ते सहा महिने संपले तेव्हाच मॅडमनी हवालदारांना विचारलं होतं, की आणखी एक मूल घ्याल का. आता आपल्याला गप्प बसण्याची विद्या आली, या घमेंडीत त्यांनी होकार दिला. यावेळी आला तेरा वर्षांचा एक मुलगा, दुकानांच्या काचा फोडणारा. हवालदार हाताची घडी घालून, तोंड मिटून, अगदी तयारीनिशी खुर्चीत बसले. मुलाने बोलायला सुरुवात केली. तासाभराने घड्याळ दाखवलं तरी तो थांबला नाही, दारापर्यंत बोलत गेला, रस्त्यातही मागे वळून बोलत होता. हवालदार घरी आले आणि डोक्याला फडकं बांधून पडले. बायकोने काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "काही नाही. लहानपणचा मी भेटला."